हिवाळी टायर चार नग, मुक्काम पासिर रिस

प्रति,
मा. श्री. कुशल वासनिक साहेब,
प्रमुख, टायर विभाग,
एस.टी. विभागीय कार्यशाळा, भंडारा.

अर्जदार : दादाराव लहानुजी गणवीर, सेवानिवृत्त मुख्य लिपिक, टायर विभाग. सध्या मुक्काम मुलाकडे, पासिर रिस, सिंगापूर.

विषय : मुलाच्या फ्लॅटमधील कोठीत ठेवलेले, बर्फात चालवायचे टायर चार नग, झीज कमी परंतु वय जास्त असल्याने बाद धरावेत किंवा कसे, याबाबत आपला लेखी निर्णय मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा व्हॉट्सअ‍ॅपवरील दि. १७ नोव्हेंबरचा संदेश, छायाचित्रांसह.
२) त्यावर आलेला आपला त्याच दिवशीचा अंगठा.

महोदय,

अर्जदार आपणांस लेखी तसदी देत आहे, याचे कारण संदर्भ क्र. २ हे आहे. आपल्या अंगठ्याचा अर्थ लावण्यात अर्जदाराचे चार दिवस गेले. अंगठा ही पोच आहे, मंजुरी आहे, की नुसतेच "बघू" आहे, हे त्यावरून कळत नाही. अर्जदार नोकरीत असताना अंगठा उमटवणाऱ्याच्या बाजूला साक्षीदाराची सही घेतली जात असे. आपल्या अंगठ्यास साक्षीदार नाही. सबब तो फाईलला लावता येत नसल्याने हा सविस्तर अर्ज करणे भाग पडले.

१. आपण कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालात तेव्हा आपली खुर्ची अर्जदाराच्या टेबलाला लागून होती, आणि टायरच्या कुशीवरचा नंबर डोळे बारीक करून न वाचता बोटाने चाचपून कसा वाचावा, हे अर्जदारानेच आपणांस शिकवले. याचा उल्लेख वशिला म्हणून केलेला नाही. ओळख पटावी इतकाच हेतू आहे. आज आपण साहेब आहात आणि अर्जदार तीन वर्षांपासून पत्नी सौ. ललितासह मुलाच्या घरी आहे. येथे त्याला काम असे काही नाही. सकाळी नात दीक्षा हिला शाळेच्या फाटकापर्यंत पोचवणे आणि दुपारी परत आणणे, एवढीच ड्यूटी आहे. ती त्याने एकही दिवस चुकवलेली नाही.

२. आता टायरची हकिगत. अर्जदाराचा मुलगा समीर हा पूर्वी फिनलंड देशातील ओउलू या गावी संशोधनाच्या नोकरीत होता. तेथे वर्षातील पाच महिने रस्त्यावर बर्फ असतो व त्यासाठी वेगळे टायर घ्यावे लागतात. पाच हिवाळे वापरून झाल्यावर त्याची सिंगापूरला, बुओना व्हिस्टा येथे नोकरी ठरली. सामान बांधायला आलेल्या माणसांनी तळघरात जे जे दिसले ते ते भरले. त्यात अर्धा रंगाचा डबा आला, शेजाऱ्याची शिडी आली आणि हे चार टायर आले. गाडी मात्र तिकडेच विकली होती. सिंगापुरात समीरकडे गाडी नाही. तो एमआरटीच्या मेट्रोने जातो. आणि बर्फ येथे फक्त उसाच्या रसात असतो.

येथील सरकारी इमारतींच्या फ्लॅटमध्ये, बॉम्ब पडल्यास कुटुंबाने आत बसावे म्हणून जाड भिंतींची व लोखंडी दाराची एक छोटी कोठी बांधून दिलेली असते. तिला शेल्टर म्हणतात. आमच्या शेल्टरमध्ये गेली चार वर्षे टायर बसलेले आहेत. बॉम्ब पडलाच तर ते सुरक्षित राहतील, कुटुंबाला बाहेर थांबावे लागेल. सूनबाई जान्हवी हिने हा मुद्दा वेळोवेळी तोंडी उपस्थित केला आहे. दीक्षाचे मत तर एका वाक्यात आहे. ती येथल्या इंग्रजीत, शेवटी 'लाह' लावून म्हणते, "आजोबा, सो ओल्ड ऑलरेडी, जस्ट थ्रो लाह." अर्जदाराने तिला समजावले की चौतीस वर्षांच्या सेवेत त्याने एकही टायर 'जस्ट थ्रो' केलेला नाही. प्रत्येकाची तपासणी झाली, शेरा झाला, मगच नग बाहेर गेला.

३. या टायरचा प्रश्न आजवर लोंबकळत होता तो दि. १५ नोव्हेंबर रोजी एकाएकी तातडीचा झाला. त्या दिवशी जेवताना समीरने सांगितले की ओउलूच्या जुन्याच प्रयोगशाळेने त्याला पुन्हा बोलावले आहे. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचे आहे. अजून काही ठरलेले नाही, असेही तो म्हणाला. मग पोळीचा तुकडा मोडत त्याने अर्जदाराला विचारले, "बाबा, ते शेल्टरमधले टायर जरा बघून सांगाल? अजून चालतील का? तिकडे गेलो तर पहिल्याच दिवशी लागतील."

साहेब, येथे एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. अर्जदार व सौ. ललिता यांचा येथील राहण्याचा पास समीरच्या नोकरीच्या पासाला जोडलेला आहे. त्याचा सुटला की आमचाही सुटतो. आणि फिनलंडमध्ये आई-वडिलांना असे जोडून घेत नाहीत, हे अर्जदाराने दीक्षाकडून इंटरनेटवर तीन वेळा तपासून घेतले आहे. म्हणजे समीर तिकडे गेला की अर्जदार आपल्या गावी, पवनीला. दीक्षा नऊ वर्षांची आहे. ती पुन्हा भेटेल तेव्हा किती वर्षांची असेल, हे कोणी सांगत नाही.

४. त्यामुळे समीरचा प्रश्न ऐकताच अर्जदाराच्या डोक्यात पुढीलप्रमाणे साखळी तयार झाली. टायर बाद ठरले तर गाडी चालणार नाही. गाडी नाही तर त्या थंडीत दीक्षाला शाळेत पोचवता येणार नाही. शाळा नाही तर जान्हवी तयार होणार नाही. जान्हवी तयार नाही तर समीर जाणार नाही. म्हणजे हे सर्व प्रकरण टायर विभागाच्या अखत्यारीत येते. हे लक्षात आल्यावर सेवानिवृत्तीनंतर प्रथमच अर्जदाराला आपला हुद्दा परत मिळाल्यासारखे वाटले.

५. अर्जदाराने लगेच तपासणी हाती घेतली. चारही नगांची कार्डे त्याने येथे आल्या आल्या उघडलेली होतीच. दर महिन्याच्या एक तारखेला 'चाललेले किलोमीटर' या रकान्यात तो नियमितपणे 'निरंक' असे लिहीत आला आहे. कुशीवरचा आकडा ३११६ असा आहे, म्हणजे सन २०१६ च्या एकतिसाव्या आठवड्यातील माल. वय नऊ वर्षे तीन महिने. नक्षीची खोली पितळी मापाने मोजली असता चारही नगांवर साडेसहा मिलिमीटरच्या आसपास भरली, आणि येथेच घोडे पेंड खाते. आपल्या एस.टी.च्या टायरला म्हातारपण कधी आलेच नाही. तो वर्षभरात झिजून बाद व्हायचा, रिमोल्ड होऊन नव्या नक्षीने पुन्हा धावायचा. वयाचा प्रश्न उद्भवायला टायरला बसून राहावे लागते, आणि आपल्याकडे बसून राहणे टायरच्या नशिबात नव्हते.

वयाबाबत घरात तीन मते आहेत. समीरच्या मते टायर पाच हिवाळ्यांचे आहेत, कारण बाकीची वर्षे ते चाललेच नाहीत. जान्हवीच्या मते रबर हे रबर आहे, ते ठेवल्या जागीही सुकते, आणि सहा वर्षांनंतर बर्फाच्या टायरवर विश्वास ठेवू नये. ती केमिस्ट्री शिकलेली आहे. अर्जदाराने तिसरा हिशोब मांडला. पवनीत वर्षाकाठी चार महिने उन्हाळा असतो, सिंगापुरात बारा. म्हणजे येथील एक वर्ष तीन उन्हाळ्यांइतके धरले पाहिजे. टायर येथे चार वर्षे आहेत. म्हणजे बारा उन्हाळे, अधिक फिनलंडचे पाच हिवाळे. एकूण ऋतू सतरा. हा हिशोब स्वच्छ अक्षरात लिहून समीरला दाखवला असता तो म्हणाला, "पण बाबा, शेल्टरमध्ये ऊन कुठून येतं?" अर्जदाराने हिशोबाचे पान फाईलला लावले.

सौ. ललिता यांनी याच सुमारास एक शेरा मारला, तो अर्जदाराला लागला. अर्जदार वैतागून म्हणत होता की नक्षी शाबूत असताना नुसत्या वयावर एखादा नग बाद कसा करायचा. त्यावर भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "तुमाले अठ्ठावन्नाव्या वर्षी काढलं, तवा कोनं नक्षी मोजली होती?" त्यानंतर बराच वेळ अर्जदाराने माप हातात घेतले नाही.

६. घरातल्या मतांनी निकाल लागेना, तेव्हा बाहेरचा सल्ला घेण्याचे ठरले. दि. १८ रोजी अर्जदाराने नग क्र. १ हा बाजाराच्या ट्रॉलीवर दोरीने बांधला व लिफ्टने खाली नेला. लिफ्टमध्ये एक चिनी आजी होत्या. त्यांनी टायरकडे पाहिले, अर्जदाराकडे पाहिले आणि त्यांचा मजला नसताना त्या उतरल्या. अर्जदाराने छपराखालच्या पायवाटेने अर्धा तास चालत एका गॅरेजचा रस्ता धरला. वाटेत एका इसमाने अर्जदाराचा फोटो काढला. गॅरेजचा मालक अर्जदाराच्याच वयाचा, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्याने टायरला एक गिरकी दिली, वास घेतला, आणि म्हणाला, "अंकल, दिस वन फॉर स्नो. सिंगापोर व्हेअर गॉट स्नो?"

अर्जदाराने आपल्या इंग्रजीत संपूर्ण पूर्वपीठिका सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि नखाने रबर दाबून मत दिले, "ओल्ड ऑलरेडी. बट कॅन." अर्जदाराने विचारले, कॅन म्हणजे नेमके काय? तो म्हणाला, "कॅन मीन्स कॅन, लाह." येथील या एका शब्दात आपल्याकडची तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी आणि साहेबांचा मूड ठीक असणे, हे तिन्ही येते. परंतु लेखी देता का असे विचारल्यावर तो हसला व त्याने अर्जदाराला कॉफी पाजली.

७. नखाने दाबून पाहण्याची कल्पना मात्र अर्जदाराला पटली. बर्फाच्या टायरचे रबर थंडीतही मऊ राहावे लागते, तोच त्याचा गुण. मग थंडीत दाबून पाहायला हवे. फ्रीजमध्ये टायर मावत नव्हता, हे प्रयत्नांती सिद्ध झाले. तेव्हा अर्जदाराने फ्रीझरमधली गोठवलेल्या पराठ्यांची चार पाकिटे काढून नग क्र. २ च्या नक्षीवर अंथरली आणि वर टॉवेल दाबून अर्धा तास धरला. दीक्षा घड्याळ लावून बसली होती. पाकिटे उचलून नख दाबले तर रबर पाटासारखे टणक. शेजारचे उघडे रबर तेवढे टणक नव्हते. दीक्षा म्हणाली, "आजोबा, दॅट्स अ रियल रिझल्ट, यू नो." अर्जदाराला आनंद झाला, हे तो नाकारत नाही. टायर वयाने बाद झाले, याचा पहिल्यांदाच काही पुरावा हाती लागला होता. त्या सकाळच्या पराठ्यांना लागलेल्या वासाबद्दल सौ. ललिता जे बोलल्या ते या अर्जाच्या कक्षेबाहेरचे आहे.

८. येथवर वाचून आपण विचाराल की मग दादारावजी, पुरावा आहे, अनुभव आहे, सही करून टाका, मला भंडाऱ्यात कशाला त्रास? साहेब, खरी अडचण येथेच आहे. अर्जदार सही करू शकत नाही. आजवर कोणालाही न सांगितलेली बाब अर्जदार येथे प्रथमच नमूद करीत आहे.

अर्जदार सिंगापूरला आला त्याच आठवड्यात शेल्टरचे दार उघडून त्याने हे टायर प्रथम पाहिले. पाहतो तो काय, टायरभर खिळे! एक नाही, दोन नाही, ओळीने खिळे. आपण टायर विभागातले आहात, आपण जाणता की खिळा दिसला की आपला हात आपोआप पकडीकडे जातो. घरात कोणी नव्हते. अर्जदाराने पोराच्या निष्काळजीपणाला मनातल्या मनात बोल लावले, पक्कड घेतली आणि नग क्र. ३ मांडीवर आडवा घेऊन बसला. खिळे इतके घट्ट होते की एकेकाला दहा मिनिटे लागली. दुपारपर्यंत अठ्ठावीस निघाले. घाम पुसत अर्जदार स्वतःवर खूश होता. संध्याकाळी समीर आल्यावर त्याने सहज विषय काढला, की तुझ्या टायरमध्ये खिळे बरेच दिसतात. समीर म्हणाला, "ते मुद्दाम बसवलेले असतात, बाबा. बर्फावर पकड यायला. तेच तर महत्त्वाचं."

अठ्ठावीस खिळे मायलो पावडरीच्या रिकाम्या डब्यात गेले, डबा शिडीमागे गेला, आणि नग क्र. ३ थप्पीत सर्वांत खाली गेला. तीन वर्षे तो तेथे आहे. दर महिन्याला त्याच्या कार्डावर 'निरंक' लिहिताना अर्जदाराचा हात थबकतो. चोराच्या मनात चांदणे, दुसरे काय.

आपणांस आठवत असेल, ज्याच्या हातून नग बिघडला त्याने त्या नगावर बादचा शेरा मारू नये, असा आपल्या विभागात दंडक होता. तो नियमपुस्तकात होता की अर्जदारानेच घालून दिला होता, हे आता आठवत नाही. पण दंडक होता. शिवाय टायर बाद झाले तर अर्जदाराचा मुलगा त्याच्याजवळ राहतो, हा स्वार्थही उघड आहे. ज्याचा नगात दोष आणि निकालात स्वार्थ, असा माणूस तपासणीला बसवला तर फाईल कशी दिसेल? आणि अर्जदार गप्प राहिला, समीरने हेच टायर गाडीला चढवले, एका चाकाला पकडच नाही आणि मागच्या सीटवर दीक्षा, तर? आपलेच दात आपलेच ओठ, साहेब. दोष कोणाला देणार?

सबब आपण एक निरीक्षक सिंगापूरला पाठवावा, हे शक्य नसल्यास व्हिडिओ कॉलवर तपासणी करावी, आणि तेही शक्य नसल्यास अर्जदाराने पाठवलेल्या मापांवरून टायर बाद असल्याचे कार्यालयाच्या शिक्क्यासह कळवावे, ही विनंती.

९. (यापुढील मजकूर दि. २३ नोव्हेंबरचा आहे. वरील विनंती आता लागू नाही. तथापि लिहिलेला कागद फाडणे किंवा खोडणे ही अर्जदाराची सवय नाही, म्हणून मागील मजकूर तसाच ठेवून पुढे लिहीत आहे.)

काल, शनिवारी सकाळी, अर्जदार हा अर्ज दिवाणखान्यात लिहीत होता. परिच्छेद ८ संपवून तो चहा घ्यायला उठला, आणि परत येऊन पाहतो तर समीर उभ्याउभ्याच अर्ज वाचत होता. मराठी शुद्धलेखनाच्या चुका काढायची त्याला लहानपणापासून सवय आहे, म्हणून त्याने कागद उचलला असावा. तो खिळ्यांच्या परिच्छेदापर्यंत आला आणि हसू लागला. इतका हसला की जान्हवी बाहेर आली. मग तिने वाचले. मग दीक्षाला वाचून दाखवले गेले. ती म्हणाली, "ट्वेंटी-एट! आजोबा, यू सो स्ट्राँग, मॅन." तीन वर्षे छातीवर बाळगलेली गोष्ट घरात पाच मिनिटांत विनोद झाली, याचे अर्जदाराला बरेही वाटले आणि थोडे वाईटही वाटले.

मग समीर म्हणाला, "बरं झालं कळलं. ते घालून गाडी काढली असती तर काय झालं असतं! बाबा, जुने टाकून देऊ. गेलोच तर तिकडे नवे घेऊ."

साहेब, परिच्छेद ४ मधील साखळी अर्जदाराने तीन वेळा तपासलेली होती. तिच्यात हा एक दुवा राहून गेला होता. टायर बदलता येतात. चौतीस वर्षे अर्जदाराने दुसरे काही केले नाही, आणि नेमके तेच त्याला सुचले नाही.

१०. दुपारी समीर अर्जदाराच्या शेजारी येऊन बसला. त्याच्या हातात तोच अर्ज होता, परिच्छेद ३ उघडलेला. तो म्हणाला, "जाऊ नको म्हणायचं होतं तर सरळ म्हणायचं ना. टायरवर कशाला ढकललंत?" समीर पुढे म्हणाला, "काम माझ्या आवडीचं आहे. पण तुम्ही आणि आई इथे माझ्यामुळे आलात. तुम्ही नको म्हणा, मी जात नाही. मनात काही ठेवणार नाही. सोमवारीच कळवायचं ठरवलंय, तोवर सांगा."

म्हणजे ज्या निर्णयासाठी अर्जदार भंडाऱ्याला लिहीत होता, तो निर्णय फिरून अर्जदाराच्याच टेबलावर आला. आणि या वेळी वर पाठवायला कोणी वरिष्ठ नव्हता.

अर्जदाराला समीरने जाऊ नये असे वाटते. हे येथे स्पष्ट शब्दांत नमूद करण्यात येत आहे. दीक्षाचा हात धरून फाटकापर्यंत जाण्याची ती वीस मिनिटे ही अर्जदाराच्या दिवसातील सर्वांत चांगली वीस मिनिटे आहेत, हेही नमूद करण्यात येत आहे. सौ. ललिता यांना विचारले असता त्या एवढेच म्हणाल्या, "मी सांगीन ते तुमी करान काय? मंग काहून इचारता? पोरगं तुमालेच इचारून रायलं." आणि डोळ्यांना पदर लावून आत गेल्या.

आज सकाळी अर्जदार समीरला घेऊन शेल्टरमध्ये गेला. दोघांनी चारही नग बाहेर काढले. अर्जदाराने समीरला नखाने रबर दाबायला लावले, आकडा बोटाने चाचपून वाचायला लावला. तो त्याला पहिल्या खेपेला जमला. मग अर्जदाराने त्याला सांगितले की बाळा, टायरवर आकडा असतो तो वाचण्यासाठी असतो. माणसाच्या बाबतीत लोक काहीही म्हणोत, टायरच्या बाबतीत नक्षी दिसते तेवढ्यावर जायचे नाही. रबर आतून सुकते आणि ते वरून दिसत नाही. मागच्या सीटवर लेकरू असेल तर संशयाचा फायदा टायरला द्यायचा नाही. एवढे बोलून अर्जदार म्हणाला, "जा तू. पण टायर नवे घे."

समीरने मान हलवली. मग दोघांनी दोन खेपांत चारही टायर ट्रॉलीवरून त्या गॅरेजवाल्याकडे नेले. भंगारात घेतोस का, असे विचारताच तो म्हणाला, "कॅन." मायलोचा डबाही त्याने ठेवून घेतला.

११. सबब आता साहेबांना विनंती पुढीलप्रमाणे आहे. टायर बाद ठरवण्याबाबतची मागणी अर्जदार मागे घेत आहे. चारही नग अर्जदाराने स्वतःच्या सहीने वयोमानानुसार बाद केले असून नग क्र. ३ च्या कार्डावर 'लिपिकाच्या हातून नुकसान' असा शेराही लाल शाईने मारला आहे. हे दंडकाविरुद्ध झाले असल्यास त्याबद्दल होईल ती कारवाई अर्जदारास मान्य आहे.

समीरला अर्जदाराने एक नियम लिहून दिला आहे, तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे काय, एवढे आपण तपासून कळवावे. नवे टायर घेताना कुशीवरचा आकडा दुकानातच वाचणे व एक वर्षाहून जुना माल न घेणे. त्यानंतर नक्षी चार मिलिमीटरच्या खाली जाईल तेव्हा, किंवा आकड्यापासून सहा वर्षे होतील तेव्हा, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलणे. दर हिवाळ्याच्या सुरुवातीला मोजून, माप आणि फोटो अर्जदाराकडे पाठवणे. शेवटची अट तांत्रिक नाही. ती आपण तपासू नये.

उत्तरात कृपया अंगठा पाठवू नये. चार ओळी लिहाव्यात.

आपला, एकेकाळी वरिष्ठ आणि आता नम्र,

(सही)
दादाराव लहानुजी गणवीर
दि. २३ नोव्हेंबर २०२५, पासिर रिस

सोबत :
१) टायर कार्डे, नग चार, शेऱ्यासह.
२) ऋतूंचा हिशोब, एक पान (चुकीचा ठरलेला, माहितीसाठी).
३) पराठ्यांच्या चाचणीची नोंद, दीक्षाच्या अक्षरात, इंग्रजीत.

पत्रव्यवहाराचा पत्ता :
दि. १३ डिसेंबरपर्यंत मुलाकडे, वरीलप्रमाणे.
दि. १४ डिसेंबरपासून : मु. पो. पवनी, जि. भंडारा. अर्जदार दिवसभर घरीच असतो. कधीही यावे.